शाळेचा रस्ता कोणाच्या नावावर?

मागच्या पावसाळ्यात, शाळा सुरू होऊन आठवडाही झाला नसेल, शेजारची दुसरीतली पोर एका पायात बूट आणि दुसऱ्या पायात नुसता मोजा अशी घरी आली. आजीने विचारलं, "बूट कोठे शे?" पोर म्हणाली, "रस्त्याने ठेवून घेतला." मी आणि तिचा काका काठी घेऊन शोधायला गेलो. पाण्याच्या पाइपासाठी खोदलेला चर होता आणि वर नुसती माती ढकललेली. पहिल्या दोन सरींत माती खाली बसली आणि वर लहान मुलाच्या गुडघ्याएवढा गाळ तेवढा राहिला. बूट सापडला. मग चर बुजवायला कोणाला सांगायचं हे विचारत मी तीन कार्यालयं फिरलो. पहिल्या ठिकाणी म्हणाले, रस्ता आमचा, पण चर आमचा नाही. दुसरीकडे म्हणाले, चर आमचा, पण बुजवायचं काम ठेकेदाराचं. तिसऱ्या साहेबांनी ठेकेदाराचा नंबर माझ्याकडेच मागितला.

आपल्या तक्रारी वाया जातात त्या सरकार बहिरं असतं म्हणून कमी आणि आपण चुकीच्या दारात उभे असतो म्हणून जास्त, असं माझं तेव्हापासून मत झालं आहे. मुलाच्या लेखी घर ते शाळा हा एकच रस्ता असतो. कागदावर त्याच पाऊण किलोमीटरला चार-पाच मालक असतात आणि प्रत्येकाला आपली हद्द कुठे संपते ते तोंडपाठ असतं. म्हणून "शाळेचा रस्ता फार खराब आहे, योग्य ती कार्यवाही व्हावी" असा अर्ज कोणाच्याच टेबलावर थांबत नाही. त्यापेक्षा रस्त्याचे तुकडे करा, कोणता तुकडा कोणाच्या नावावर आहे ते काढा आणि ज्याचा तुकडा त्याच्याच हातात द्या.

चलथाणसारख्या ठिकाणी हे जास्तच लागू आहे. सुरतेपासून पंधराएक किलोमीटरवरचं, पलसाणा तालुक्यातलं हे गाव नावालाच गाव राहिलं आहे. इथून सुरत-भुसावळ लाईन जाते. तीच तापी खोऱ्यातली लाईन धरून नंदुरबार, धुळे, जळगावकडची आपली माणसं लूम्स आणि मिलच्या कामाला इकडे आली. मुंबई-अहमदाबादचा ४८ नंबरचा हायवे लागूनच आहे. सहकारी साखर कारखाना आहे. कडोदऱ्याच्या बाजूला डाइंग-प्रिंटिंगच्या मिल आहेत. जवळच अंत्रोळीला बुलेट ट्रेनचं स्टेशन उभं राहतंय आणि एनाकडून एक्सप्रेसवे निघालाय. या सगळ्याच्या मधल्या फटीतून पहिलीतलं पोर दप्तर घेऊन चालत असतं.

आधी चालून बघा

पहिलं काम एका सकाळचं आहे. रविवारी करू नका. कामाच्या दिवशी, मुलाच्या शाळेच्या नेमक्या वेळेला, मुलाला पुढे ठेवून त्याच्या मागे मागे चाला. त्याला वाट दाखवू नका. आपल्याला वाटतं पोर सरळ रस्त्याने जातं. प्रत्यक्षात ते कुत्र्यांना घाबरून एक गल्ली टाळतं, मित्राला हाक मारायला दुसरीत शिरतं आणि मिलच्या भिंतीमागून एक पायवाट त्याने शोधून ठेवलेली असते, जी आपल्याला ठाऊकही नसते. अर्ज त्या खऱ्या वाटेचा करायचा आहे.

बरोबर शिंप्याची टेप, खडू आणि मोबाइल घ्या. जिथे पोर थांबतं, वळसा घालतं किंवा रस्त्याच्या मध्यभागी येतं, तिथे खडूने फुली मारा आणि फोटो काढा. मग कारण शोधा. ते बहुतेक वेळा पायाशीच असतं: गटारावरचा फुटलेला ढापा, कडेला टाकलेला रेतीचा ढीग, डबकं, कायम उभा असलेला टेम्पो. फोटोत मोजमापाला काहीतरी असू द्या. नुसत्या खड्ड्याचा फोटो बघून कोणाला काही कळत नाही. त्याच खड्ड्याशेजारी मुलाची पाण्याची बाटली उभी ठेवली की त्याची खोली साहेबालाही दिसते.

एकदा तरी तिथे उकिडवे बसा. लोक हसतील, हसू द्या. सात वर्षांच्या मुलाची नजर आपल्या पोटाच्या उंचीवर असते. तिथून बघितलं की उभ्या टेम्पोपलीकडचं काही दिसत नाही. येणाऱ्या ट्रकच्या ड्रायव्हरलाही बॉनेटच्या लगेच पुढे उभं असलेलं तेवढं पोर दिसत नाही. "बघून रस्ता ओलांड" असं आपण रोज सांगतो, पण तिथून बघायला काय मिळतं ते आपण कधी तपासलेलं नसतं.

हीच फेरी पावसात पुन्हा करा. उन्हाळ्यातला बरा रस्ता जुलैत दुसराच असतो.

तुकडा कोणाचा?

घरी आल्यावर वहीच्या पानावर वाट काढा, अगदी वेडीवाकडी चालेल, आणि फुल्यांसमोर मालकाचं नाव लिहा. गल्ली-फळियातला रस्ता, गटार आणि दिवाबत्ती ग्रामपंचायतीकडे असते, कडोदऱ्यात नगरपालिकेकडे. एका गावाहून दुसऱ्या गावाला जाणारा डांबरी रस्ता बहुधा आर अँड बी खात्याचा, म्हणजे इथल्या बांधकाम खात्याचा. त्यातही राज्याचं आर अँड बी वेगळं आणि जिल्हा पंचायतीचं वेगळं, तेव्हा तलाट्याला विचारूनच लिहा. हायवे आणि त्याच्या कडेचा सर्व्हिस रोड राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणाचा. त्यांचा नंबर १०३३, शिवाय 'राजमार्गयात्रा' ॲपवर जागेवरून फोटो टाकता येतो. राज्याच्या रस्त्यांसाठी गुजरातचं 'गुजमार्ग' ॲप आहे. रूळ आणि रेल्वेची हद्द रेल्वेकडे, नंबर १३९. वाकलेला खांब, लोंबती तार, उघडी पेटी असेल तर दक्षिण गुजरात वीज कंपनी. तक्रारीचा नंबर तुमच्याच वीजबिलावर छापलेला आहे. आणि बिल्डरच्या सोसायटीतला अंतर्गत रस्ता पंचायतीकडे सोपवलेला नसेल तर तो सोसायटीचाच. तिथे सरपंचाशी भांडून काही उपयोग नाही.

गरनाळं, म्हणजे रुळांखालून जाणारी वाट, हा यातला सगळ्यात गुंतागुंतीचा तुकडा. रूळ रेल्वेचे, खालचा रस्ता भलत्याच खात्याचा, पाणी उपसायचा पंप आणखी कोणाचा. अशा जागेसाठी एकच मजकूर दोन्ही-तिन्ही खात्यांना द्या आणि प्रत्येक प्रतीवर खाली लिहा की हीच प्रत अमुक-तमुक कार्यालयालाही दिली आहे. दुसऱ्यालाही माहीत आहे म्हटल्यावर टोलवायला जरा जड जातं.

अर्ज छोटा, मागणी त्याहून छोटी

एका अर्जात एकच जागा आणि एकच काम मागा. विषयात जागा सांगा: अमुक दुकानासमोरचा, शाळेच्या फाटकापासून साधारण दोनशे पावलांवरचा फुटलेला ढापा. मजकुरात किती मुलं तिथून जातात ते लिहा; मोजायला एक सकाळ पुरते. मग काय हवंय ते लिहा. "नवीन ढापा बसवावा, तोवर लाकडी फळी टाकून बाजूला लाल फडकं बांधावं." हे दुसरं वाक्य विसरू नका. कायमच्या कामाला मंजुरी लागते, तात्पुरत्याला नाही, आणि बऱ्याच ठिकाणी मूल वाचतं ते तात्पुरत्या फळीनेच.

अर्ज गुजरातीत द्या. चालेल तशी नाही, नीट गुजरातीत. आपल्यातल्या बऱ्याच आयांना गुजराती बोलता येतं, लिहिता येत नाही. पण घरातलं पोर शाळेत तेच लिहायला शिकतंय. आमच्या चाळीत आता सातवी-आठवीच्या मुली आयांचे अर्ज लिहितात. अक्षर सुंदर असतं आणि व्याकरण साहेबापेक्षा बरं. खाली दहा-पंधरा पालकांच्या सह्या किंवा अंगठे आणि फोटोंच्या प्रिंट जोडा. दोन प्रती न्या. एक देऊन दुसरीवर शिक्का, तारीख आणि आवक नंबर घ्या. "ठेवून जा, बघतो" म्हणाले तर हसून तिथेच थांबा. आवक नंबर नसेल तर त्या कार्यालयाच्या लेखी तुम्ही गेलाच नव्हता.

फुटपाथ मागायचा का, हा प्रश्न हमखास निघतो. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मार्गदर्शक तत्त्वांप्रमाणे फुटपाथवर चालायला किमान १.८ मीटर मोकळी रुंदी हवी आणि कडेची पायरी १५० मिलिमीटरपेक्षा उंच नको. मागणी रास्त आहे, पण पहिल्या अर्जात ती घालू नका. फुटपाथची फाइल दोन वर्षं फिरेल आणि ढापा त्याच फाइलीत अडकेल. कडेची झुडपं काढणं, मुरूम टाकून एक पट्टी कडक करणं, शाळेआधी पांढरे पट्टे आणि 'शाळा' पाटी, एक बंद दिवा चालू करणं ही कामं आधी पदरात पाडा.

कायदा खिशात असू द्या

कायदा धमकी द्यायला वापरू नये, पण माहीत असावा. शिक्षण हक्क कायदा २००९ चा, लागू झाला १ एप्रिल २०१० ला. केंद्राच्या नियमांत पहिली ते पाचवीची शाळा चालत १ किलोमीटरच्या आत आणि सहावी ते आठवीची ३ किलोमीटरच्या आत असावी, असं आहे. याच नियमांत पुढे असंही आहे की पूर, दरड, रस्ता नसणं किंवा घरापासून शाळेच्या वाटेवर लहान मुलांना धोका असेल, तर तो टाळला जाईल अशी शाळेची जागा ठरवावी आणि त्यासाठी अंतर कमी करावं. म्हणजे वाट कशी आहे हा शाळेच्या हिशेबातलाच भाग आहे. ठरलेल्या अंतरापेक्षा लांबून येणाऱ्या सरकारी शाळेतल्या मुलांसाठी समग्र शिक्षा योजनेत वाहनाची सोय आहे. मुख्याध्यापकांना विचारा, यादी त्यांच्याकडूनच वर जाते.

सर्वोच्च न्यायालयाने १४ मे २०२५ ला पायी चालणाऱ्यांचा फुटपाथवरचा हक्क हा घटनेच्या २१ व्या अनुच्छेदातल्या जगण्याच्या हक्काचा भाग मानला आणि राज्यांना त्यासाठी धोरण आखायला सांगितलं. मोटार वाहन कायद्यात २०१९ साली आलेलं १९८-अ हे कलम रस्त्याची रचना, बांधणी किंवा देखभाल ठरलेल्या दर्जाने न केल्यामुळे कोणाचा जीव गेला किंवा कोणी अपंग झालं, तर जबाबदार यंत्रणेला आणि ठेकेदाराला एक लाख रुपयांपर्यंत दंड सांगतं. हे कलम अर्जात घालायची गरज बहुधा पडत नाही. चर उघडा टाकून गेलेल्या ठेकेदाराच्या मुकादमाला मात्र चहा पिता पिता जरूर सांगावं.

कोणत्या दारातून जायचं

एकट्याने जाऊ नका. सरकारी आणि अनुदानित शाळांत शाळा व्यवस्थापन समिती असते. तिचे तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात आणि निम्म्या जागा बायकांच्या. बऱ्याच पालकांना आपण सदस्य आहोत हेच माहीत नसतं, कारण सही घेताना कोणी सांगितलेलं नसतं. समितीच्या सभेत रस्त्याचा ठराव करून घ्या आणि शाळेच्या लेटरहेडवर पंचायतीला पाठवा. खाजगी विनाअनुदानित शाळेला ही समिती लागू नाही. तिथे प्राचार्यांना घेऊन एकदा फाटकासमोर उभं राहावं; सुटण्याच्या वेळेला पालकांच्याच मोटरसायकलींनी रस्ता कसा अडतो तेही त्यांना दाखवता येईल. (हो, त्यात माझीही असते.)

ग्रामसभेत विषय मांडा आणि तो इतिवृत्तात लिहिला गेला का ते शेवटी वाचून घ्या. काम अडलं तर 'स्वागत' आहे, म्हणजे लोकांच्या तक्रारी ऐकायची राज्य सरकारची व्यवस्था. २००३ पासून चालणाऱ्या या व्यवस्थेत गावपातळीचा अर्ज महिन्याच्या १ ते १० तारखेत तलाट्याकडे द्यायचा. तो तालुक्याच्या स्वागतमध्ये, चौथ्या बुधवारी, घेतला जातो. तिथे बोलताना पाल्हाळ नको. आवक नंबर, तारीख, फोटो, एवढंच. उत्तरच येत नसेल तर माहितीचा अधिकार. गुजरातेत अर्जाची फी २० रुपये, मुदत ३० दिवस. "काम का झालं नाही" असं विचारू नका, 'का'ला उत्तर देत नाहीत. "अमुक आवक नंबराच्या अर्जावर कोणत्या तारखेला कोणी काय शेरा मारला, त्याची नक्कल द्या" असं मागा.

आणि एक दार फारसं कोणी वापरत नाही. जूनमध्ये गुजरातभर शाळा प्रवेशोत्सव होतो, गांधीनगरपासूनचे अधिकारी आणि पुढारी गावोगावच्या शाळेत येतात. त्या दिवशी शाळेपुढे रांगोळी असते, मुरूम पडतो, गटारावर फळ्या येतात. तक्रार करू नका. ओवाळून, फूल देऊन झालं की पाहुण्यांना नम्रपणे विनंती करा की गाडी इथेच असू द्या, शंभर-दोनशे पावलं मुलांच्या वाटेने आमच्याबरोबर चला. लहान मुलीने हात धरला तर नाही म्हणणं अवघड जातं.

तोवर उद्या सकाळी

अर्ज फिरेल तेव्हा फिरेल, पोर उद्या सकाळी निघणार आहे. त्यासाठी रांग. जपानात प्राथमिक शाळेची मुलं शेजारपाजारच्या घोळक्याने, ठरलेल्या वाटेने चालत जातात आणि मोठ्या वर्गातलं मूल पुढे असतं. २०२१ साली चिबा प्रांतातल्या याचिमाता इथे अशाच रांगेत ट्रक घुसला. त्यानंतर देशभर शाळांच्या वाटा तपासल्या गेल्या आणि तपासायला शाळा, पोलीस आणि रस्ते खातं एकत्र गेलं. आपल्याकडे मुंबईत भायखळ्याला शाळांसमोर रंगाचे पट्टे आणि शंकू मांडून रस्त्याचा काही भाग मुलांसाठी मोकळा करण्याचा प्रयोग झाला आहे.

आपली रांग साधी. एका गल्लीतली आठ-दहा मुलं, ठरलेली वेळ, ठरलेलं वळण, पुढे एक मोठं माणूस आणि शेवटी एक. पहिला प्रश्न येतो, माणूस कुठून आणायचं? लूम्सची पाळी सकाळी सात-आठलाच बदलते, आई-बाप दोघंही कामावर. पण पाळी बदलते म्हणजे काही लोक घरीही येत असतात. रात्रपाळीहून परतणाऱ्याला आठवड्यातून एकच दिवस द्या. झोप राहिलेल्या माणसावर रोजचा भार टाकणं बरं नाही. बाकीचे दिवस आज्या, काकू, घरी पिको-फॉल करणाऱ्या मावश्या. भिंतीवर वारांचा तक्ता लावा. नाव लिहिलं की माणूस येतं.

ऊसतोडीच्या टोळ्यांची मुलंही रांगेत घ्या. डांग आणि नंदुरबार-धुळ्याकडून दिवाळीच्या सुमाराला कोयता घेऊन आलेली कुटुंबं पडाव टाकून राहतात. त्यांच्या मुलांना ना वाट माहीत असते, ना ट्रॅफिकची सवय. दाखल्याचा कागद नाही म्हणून शाळा त्यांना नाकारू शकत नाही, हेही त्यांच्या मुकादमाच्या कानावर घाला.

याच हंगामातली एक गोष्ट आई-बापांना कळत नाही, कारण पोरं सांगत नाहीत. ऊस भरलेला ट्रॅक्टर वळणावर हळू झाला की मागे धावायचं आणि बाहेर आलेला ऊस उपटायचा. आम्हीही लहानपणी केलंय. मी गेल्या थंडीत बघितलं, चौथीतला एक पोरगा दोन्ही हातांनी कांडकं धरून लोंबकळला होता आणि ट्रॅक्टरने वेग घेतला तसे त्याचे पाय घासत चालले होते. ऊस तुटला म्हणून तो पडला, नाहीतर मागे दुसरी ट्रॉली जोडलेली होतीच. पोरांना नुसतं ओरडून हे थांबत नाही. रांगेत असताना वाहन गेलं की थांबायचं हा नियम करा आणि शनिवारी शाळा सुटल्यावर विकत घेऊन ऊस खायला घाला.

रुळांच्या बाबतीत मात्र सूट नाही. रूळ ओलांडणं हा रेल्वे कायद्याच्या १४७ कलमाखाली गुन्हा आहेच, पण पोराला गुन्हा समजत नाही. त्याला असं सांगा: उभी मालगाडी ही झोपलेली गाडी नाही, ती कधीही, शिटी न वाजवता हलू शकते. तिच्या डब्याखालून, दोन डब्यांच्या मधून कधीही जायचं नाही. लांबचा पूल दहा मिनिटं खात असेल तर घरून दहा मिनिटं आधी निघायचं. शाळेला उशीर झाला तर पोराला रागावू नका अशी वर्गशिक्षकांना चिठ्ठी द्या. छडीच्या भीतीनेच मुलं रूळ ओलांडतात.

पावसात एकच खूण शिकवा: पाण्याखालचा रस्ता दिसत नसेल तर तो रस्ता नाही. मागे फिरायचं. पलसाणा-बारडोलीकडचं पाणी खाड्यांतून सुरतेकडे उतरतं आणि ते चढायला वेळ लावत नाही. साचलेल्या पाण्यात विजेचा खांब असेल तर त्याच्याजवळूनही जायचं नाही. शाळेच्या वाटेवर एक दुकान किंवा घर 'थांब्याचं घर' म्हणून ठरवा, जिथे पोर आत जाऊन बसेल आणि फोन करेल. आमच्याकडे ते पिठाच्या गिरणीवाल्याचं आहे. त्याने भिंतीवर पाच पालकांचे नंबर पेन्सिलीने लिहून ठेवलेत.

तो बुटाचा चर पुढे बुजला. आवक नंबर घेऊन बाविसाव्या दिवशी एक ट्रॅक्टर मुरूम पडला, वर रोलरही फिरला. दिवाळीनंतर त्याच जागी पुन्हा खोदलंय, या वेळी गॅसच्या पाइपासाठी. नवा अर्ज आठवीतल्या मुलीने लिहून दिलाय, सह्या चालू आहेत.